कॉलेजात संकटाचा निरोप प्रत्येकापर्यंत कसा पोचवायचा: गावाकडच्या कॉलेजांसाठी मार्गदर्शक

ऑगस्ट महिना होता. आमच्या कॉलेजच्या पटांगणात चक्क ऊन पडलं होतं. तरी गोसीखुर्द धरणाची दारं उघडली होती, वैनगंगा फुगली होती आणि तिला मिळणाऱ्या नाल्याचं पाणी पुढं जायला जागा नसल्यानं मागं चढत होतं. दुपारी पाऊण वाजता ऑफिसातून व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडली: ‘पुराच्या कारणास्तव महाविद्यालय सोडण्यात येत आहे.’ सूचना टाकली, आपलं काम झालं, असं आम्हाला सगळ्यांना मनापासून वाटलं.

बी.ए. भाग दोनची एक मुलगी सायकलनं निघाली. तिच्याकडे फोन नव्हता. घरात एकच स्मार्टफोन, तो भावाकडे आणि भाऊ धानाच्या बांधीत (शेतात) रोवणीला. नाल्यावरच्या रपट्यावरून (ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत होतं. सायकलचं पुढचं चाक तुंब्यापर्यंत बुडालं, तेव्हा पलीकडून एका गुराख्यानं काठी आडवी धरून आरडाओरड केली आणि ती मागं फिरली. आम्हाला हे संध्याकाळी सहाला कळलं. तिचे वडील कॉलेजात येऊन विचारत होते, “सर, पोरगी कुठं आहे?” आणि कोण निघालं, कोण थांबलं, याचा एक कागद आमच्याकडे नव्हता.

मी तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) नवा कार्यक्रम अधिकारी होतो. त्या दिवसानंतर जे चुकत चुकत उभं केलं ते इथं क्रमानं लिहितो. तुम्ही नव्यानं रासेयो अधिकारी, वसतिगृहाचे अधीक्षक किंवा आपत्ती समितीचे सदस्य झाला असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. पैसा फार लागत नाही. चिकाटी लागते.

१. आधी आपल्या कॉलेजची संकटं महिन्याप्रमाणे लिहून काढा

इंटरनेटवरचा तयार आराखडा उतरवू नका. त्यात भूकंप पहिल्या पानावर असतो आणि साप कुठंच नसतो. एका दुपारी शिपाईमामा, ग्रंथपाल, वसतिगृहातल्या मावशी आणि चार विद्यार्थी यांना सोबत घेऊन बसा आणि गेल्या दहा वर्षांत इथं काय काय घडलं ते विचारा. आमचा कागद असा झाला:

- एप्रिल ते जून: ऊन, परीक्षा, वणवा, पाणीटंचाई
- जून ते सप्टेंबर: वीज पडणं, नाल्याचा पूर, साप, बंद पडलेली एसटी
- ऑक्टोबर ते डिसेंबर: धानकापणीचे दिवस, साप आणि जंगलालगतच्या वाटेवर वाघ-बिबट
- वर्षभर: प्रयोगशाळेतली आग, विजेचा धक्का, रस्त्यावरचा अपघात, आवारातली मारामारी किंवा छेडछाड

पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या पट्ट्यातल्यांनी नदीचा भाग दोनदा वाचावा. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर इथं सगळ्यांना आठवतो. वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून आणि मग गोसीखुर्दमधून पाणी सुटलं, तेव्हा खाली अनेक गावांत त्या वेळी जोराचा पाऊसही नव्हता. आभाळ पाहून पुराचा अंदाज बांधणारे आपण त्यात फसतो. पश्चिमेकडे, यवतमाळ-वाशीमकडे नाले तासाभरात भरून तासाभरात ओसरतात. तिथला कागद वेगळा होईल.

२. गावनिहाय यादी करा. सगळं काम या यादीवर उभं आहे

कॉलेजात याद्या वर्गाप्रमाणे असतात. संकट मात्र गावाप्रमाणे येतं. नाल्यापलीकडच्या गावात बी.ए.ची पाच, बी.कॉम.ची दोन आणि बी.एस्सी.ची तीन मुलं असतील, तर वर्गाच्या यादीतून ती शोधायला अर्धा दिवस जातो.

प्रवेशाच्या वेळी एक पानाचा अर्ज भरून घ्या. त्यात एवढंच हवं:

- नाव, वर्ग, गाव, कॉलेजला यायचं साधन (सायकल, एसटी, ऑटो, पायी)
- वाटेत लागणारा नाला, रपटा किंवा जंगलाचा भाग
- स्वतःचा फोन आहे का. असला तर साधा की स्मार्ट
- घरचा एक नंबर आणि घराबाहेरचा एक नंबर (शेजारी, किराणा दुकान, पोलीस पाटील, आशाताई)
- रक्तगट, दमा, फिट, मधुमेह, गर्भारपण, ऐकू-दिसण्याची किंवा चालण्याची अडचण
- गावात नसल्यास मुक्कामाचं ठिकाण

‘घराबाहेरचा नंबर’ हा रकाना आम्ही दुसऱ्या वर्षी घातला आणि तोच सगळ्यात जास्त कामी आला. रोवणीच्या, कापणीच्या, तेंदूपत्त्याच्या दिवसांत घरचा फोन घरी नसतो. किराणा दुकानदाराचा असतो.

मग प्रत्येक गावातून दोन गावदूत निवडा, एक मुलगा आणि एक मुलगी. एका गावदूताकडे दहा-बाराच नावं ठेवा. त्याहून जास्त झाली की शेवटच्या दोघांना फोन करायचा राहून जातो.

सापळा: ही यादी ग्रुपवर टाकू नका. मुलींचे नंबर एकदा बाहेर पडले की त्यांना जो त्रास होतो तो पुढच्या वर्षी कोणतीच मुलगी खरा नंबर देत नाही इथवर जातो. मुलींचे नंबर मुलगी-गावदूत आणि एक प्राध्यापिका यांच्याकडेच राहू द्या. कागदी प्रत ऑफिसच्या कपाटात बंद लिफाफ्यात ठेवा आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत. आग ऑफिसालाच लागली तर?

३. निरोप देण्याचा हक्क कोणाला, हे लेखी घ्या

आमच्या त्या ऑगस्टच्या दिवशी प्राचार्य विद्यापीठाच्या बैठकीला गेले होते. तहसीलमधून साडेअकराला फोन आला होता. ऑफिसनं प्राचार्यांना फोन लावला, लागला नाही, पुन्हा लावला. सव्वा तास ‘साहेबांना विचारल्याशिवाय कसं सोडायचं’ यात गेला. कोणी आळस केला नाही. हक्क कोणाचा हे ठरलेलं नव्हतं, एवढंच.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात गोळीबार झाला. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात दुसऱ्या इमारतीत गोळीबार सुरू झाला. त्या दिवशी मारेकरी सोडून ३२ माणसं गेली. साधनं त्यांच्याकडे आपल्यापेक्षा कितीतरी होती. उशीर ठरवण्यात झाला.

प्राचार्यांकडून असा आदेश काढून घ्या: “प्राचार्य परिसरात नसल्यास उपप्राचार्य, ते नसल्यास रासेयो कार्यक्रम अधिकारी, तेही नसल्यास कार्यालय अधीक्षक आपत्तीचा निरोप देतील. त्यासाठी पूर्वपरवानगीची गरज राहणार नाही.” वसतिगृहासाठी रात्रीचा वेगळा आदेश घ्या, कारण रात्री दोनला तिथं अधीक्षक आणि चौकीदार दोघंच असतात. आदेशाची प्रत सूचना फलकावर लावा. सही करताना प्राचार्य कचरतील. ‘उगाच कॉलेज सोडलं तर?’ असं विचारतील. उगाच सोडलेला दिवस रविवारी भरून काढता येतो, असं त्यांना शांतपणे सांगा.

४. निरोपाच्या निदान तीन वाटा ठेवा, त्यातली एक विजेशिवाय आणि टॉवरशिवाय चालणारी

*घंटा आणि मेगाफोन.* आवारातल्यांसाठी याहून पक्कं काही नाही. विजेवरचा भोंगा घेऊ नका. वादळात पहिली वीजच जाते. जुनी पितळी घंटा किंवा हातानं फिरवायचा सायरन घ्या. खुणा दोनच ठेवा. आमच्याकडे सलग घंटा म्हणजे बाहेर पडा, मैदानात या. तीन-तीन ठोके थांबून थांबून म्हणजे आत या, आतच थांबा. आग आणि वीज यांत नेमकं उलटं वागायचं असतं, म्हणून दोन खुणा. आम्ही सुरुवातीला पाच केल्या होत्या, त्या आम्हालाच लक्षात राहिल्या नाहीत.

*फोनची साखळी.* कॉलेजचा एक माणूस पाच गावदूतांना फोन करतो, ते प्रत्येकी पुढच्या पाचांना. टॉवर अशक्त असला तरी साधा फोन बरेचदा लागतो.

*एसएमएस.* नेट नसलं तरी जातो आणि साध्या फोनवर वाचता येतो. पण इथं तीन गोष्टी आधी माहीत हव्यात. एक, बहुतेक रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएसच मिळतात, म्हणजे एका फोनवरून सहाशे मुलांना निरोप जाणार नाही. दोन, कंपनीकडून घाऊक एसएमएस घ्यायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे डीएलटी या नोंदणीच्या यंत्रणेवर संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंदणी लागते. पूर आल्यावर ती होत नाही, उन्हाळ्यातच करून ठेवा. तीन, इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, मराठीचा ७० चा. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. सत्तरच्या पुढं गेलं की तो दोन एसएमएस धरला जातो.

*व्हॉट्सॲप.* वापरा, पण शेवटची वाट म्हणून. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप फक्त त्यांनाच मिळतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. हे आम्हाला दोन वर्षं ठाऊक नव्हतं. आम्ही पाठवत होतो आणि निम्म्यांना तो मिळतच नव्हता. म्हणून प्रवेशाच्याच दिवशी, समोर बसवून, प्रत्येकाच्या फोनमध्ये कॉलेजचा नंबर ‘कॉलेज संकट’ या नावानं साठवून घ्या. ग्रुप असेल तर संदेश टाकायचा हक्क फक्त व्यवस्थापकांना ठेवा. नाहीतर ‘नाल्याला पूर’ या निरोपावर चाळीस ‘ओके सर’ आणि हात जोडलेली चित्रं येतात आणि निरोप वर वाहून जातो.

*गावातली माणसं.* पोलीस पाटील, सरपंच, कोतवाल, आशाताई. मंदिराचा किंवा ग्रामपंचायतीचा भोंगा. गावात दवंडी आजही ऐकली जाते. कॉलेजचं पत्र घेऊन गावदूतासोबत एकदा स्वतः जा आणि ओळख करून घ्या. अनोळखी आवाजाच्या फोनवर कोणी भोंगा लावत नाही.

५. निरोप आधीच लिहून ठेवा

गडबडीत चांगलं वाक्य सुचत नाही. ‘पुराच्या कारणास्तव महाविद्यालय सोडण्यात येत आहे’ हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्यात काय करायचं ते नव्हतं. ‘सोडण्यात येत आहे’ वाचून पोरं निघाली, आणि निघायचंच नव्हतं.

निरोपात चार गोष्टी हव्यात: काय झालं, काय करू नका, काय करा, पुढचा निरोप कधी. आमचा पुराचा साचा:

“नाल्याला पूर. रपटा ओलांडू नका. कॉलेजातच थांबा. २.३० ला पुढचा निरोप.”

मोजून पाहा, सत्तरच्या आत बसतो. पुढच्या निरोपाची वेळ टाळू नका. ती असली की पोरं धीर धरतात, नसली की ‘चला, काही होत नाही’ म्हणून निघतात. आणि अडीच वाजता, नवं काही नसलं तरी, ‘पाणी तसंच आहे, थांबा’ असा निरोप गेलाच पाहिजे.

ज्या मुलांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया आहे त्यांच्या घरी त्या भाषेत बोलणारा गावदूतच फोन करू दे. आई-वडिलांना ‘रेड अलर्ट’ कळत नाही. ‘आज लेकराला परत पाठवू नका म्हणतात’ एवढं कळतं.

६. निरोप पाठवून थांबू नका, पोचल्याचं उत्तर मोजा

आमच्या व्यवस्थेत सगळ्यात उशिरा आलेला आणि मला सगळ्यात मोलाचा वाटणारा हा भाग. प्रत्येक गावदूत परत तीनच गोष्टी कळवतो: गाव, एकूण किती, बोलणं झालं किती जणांशी. ‘११ पैकी ९’ आलं की उरलेल्या दोघांची नावं फळ्यावर चढतात. दोघं सापडेपर्यंत ती पुसायची नाहीत. फळा म्हणजे खरा काळा फळा, ऑफिसच्या बाहेर लावलेला. आलेल्या पालकालाही तो वाचता येतो आणि त्याला चार टेबलांवर फिरावं लागत नाही.

आवारातल्यांची हजेरी मैदानातच घ्या, वर्गाप्रमाणे. प्रत्येक शिक्षकानं तासाचं हजेरीपुस्तक हातात घेऊन बाहेर पडायचं. आणि कोणी घरी निघत असेल तर फाटकावर वहीत नाव, वेळ, कोणासोबत, हे लिहूनच सोडायचं.

७. पाच संकटं आणि नेमकं काय करायचं

पूर. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर किती खोल आहे हे पाहत बसू नका. गुडघ्याखालचं वाहतं पाणीही माणसाला पाडतं, आणि खालचा रस्ता खचलेला असला तरी दिसत नाही. मुक्काम करावा लागला तर मुली कुठं झोपतील, सोबत कोणती मॅडम थांबेल, खिचडीचं धान्य कुठून येईल हे आधी ठरवा. मुलींना थांबवायचं तर घरच्यांशी मॅडमनंच बोलावं. थांबायला जागा आहे आणि बाई माणूस सोबत आहे हे कळलं की वडील स्वतःच ‘राहू द्या’ म्हणतात.

वीज. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप किमान चार जणांच्या फोनमध्ये ठेवा. ॲप नसेल तर मोजा: वीज चमकल्यापासून तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. आत चला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली, झेंड्याच्या खांबाजवळ, सायकल स्टँडच्या टिनाखाली उभं राहणं सगळ्यात वाईट.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार आपल्याकडचे मुख्य विषारी. चिरा देऊ नका, चोखू नका, दोरी आवळू नका, साप पकडायला धावू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, वेळ लिहा, १०८ लावा. गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या गाडीनं थेट दवाखान्यात न्या. वसतिगृह आणि रासेयो शिबिरासाठी खास सूचना: मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि बरेचदा दुखतही नाही. सकाळी मुलगा पोट दुखतं म्हणतो, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. त्याला ॲसिडिटीची गोळी देऊन झोपवू नका. खाट आणि चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, यावर शिबिरात तडजोड नाही. आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सापाची लस शिल्लक आहे का, श्वास देण्याचं यंत्र कोणत्या दवाखान्यात आहे, हे जूनमध्येच विचारून या.

ऊन. पारा ४५ ला गेला की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं, आणि आपल्याकडे नेमक्या त्याच दिवसांत परीक्षा असतात. प्रत्येक मजल्यावर पाण्याचा माठ आणि ओआरएस ठेवा. घाम थांबून अंग तापलेलं आणि मुलगा असंबद्ध बोलत असेल तर तो उष्माघात. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आग. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे महिन्याला पाहा. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, आधी मुख्य बटण बंद करायचं. ते बटण कुठं आहे हे एकट्या शिपाईमामांना माहीत असून चालत नाही.

जंगलालगतच्या कॉलेजांनी एवढं जरूर पाळावं: अंधार पडण्याआधी शेवटचा तास संपवा, मुलं घोळक्यानं पाठवा, वाघ-बिबट दिसला तर वन विभागाला १९२६ वर कळवा. ‘आत्ताच आपल्या रस्त्यावर’ म्हणून फिरणारे व्हिडिओ वनरक्षकाला विचारल्याशिवाय पुढं पाठवू नका.

८. सराव घ्या, तोही न सांगता

पहिला सराव आम्ही तारीख जाहीर करून घेतला. सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले, छान झालं, फोटो निघाले. दुसरा न सांगता घेतला, तेव्हा खरं काय ते दिसलं. घंटेची दोरी कुजलेली होती, दुसऱ्या ओढीला हातात आली. मुलींच्या बाजूच्या जिन्याखालचं सरकतं लोखंडी दार कुलूपबंद होतं. बाहेरची पोरं येतात म्हणून ते कायम बंद ठेवायचे आणि किल्ली ज्यांच्याकडे ते त्या दिवशी रजेवर. साठ-सत्तर मुली जाळीला हात लावून आत उभ्या होत्या. ते चित्र मी आजही विसरू शकत नाही, कारण त्या दिवशी आग खरी असती तर. त्याच संध्याकाळी कुलूप काढून आतून उघडणारी कडी बसवली.

वर्षातून दोनदा सराव करा: जुलैच्या शेवटी एक, परीक्षेआधी एक. मोजायचं एकच, पहिल्या ठोक्यापासून शेवटचं नाव हजेरीत येईपर्यंत किती मिनिटं लागली.

९. कागद आणि सामान

कागद: हक्काचा लेखी आदेश, गावनिहाय यादी दोन प्रती, आवाराचा हातानं काढलेला नकाशा (दारं, विजेचं मुख्य बटण, विहीर, गॅस सिलिंडर, जमायची जागा), निरोपांचे साचे, नंबरांचा तक्ता.

तक्त्यात हे नंबर मोठ्या अक्षरांत: ११२ (पोलीस आणि एकत्रित मदत), १०८ (रुग्णवाहिका), १०१ (अग्निशमन), १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष), १९२६ (वन विभाग), १९१२ (वीज तक्रार), १४४१६ (मानसिक आधारासाठी टेली-मानस). त्यासोबत तहसील, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, एसटी आगार आणि जवळचं वीज उपकेंद्र यांचे थेट नंबर स्वतः जाऊन आणा आणि दर सहा महिन्यांनी लावून पाहा. साहेब बदलतात, नंबर बदलतात.

सामान: मेगाफोन आणि त्याचे जादा सेल, तीन टॉर्च, शिट्ट्या, तीस मीटर जाड दोर, प्रथमोपचार पेटी, ओआरएस, स्ट्रेचर (नसेल तर दोन बांबू आणि चादर), चार्ज केलेली पॉवर बँक, सेलवर चालणारा रेडिओ, खडू आणि फळा. पेटीची किल्ली पेटीलाच दोरीनं बांधा.

१०. एसटी आगाराशी आणि तहसीलशी आधी बोला

पुराच्या दिवशी आगार फेरी रद्द करतं आणि मुलांना ते बसस्थानकावर भिजत उभं राहिल्यावर कळतं. आगार व्यवस्थापकांना भेटून विनंती करा: फेरी रद्द करायच्या आधी कॉलेजला एक फोन. आम्हाला तो आता येतो. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि तालुक्याला काम तहसीलदारांकडे असतं. पावसाळ्यापूर्वीच्या तालुका बैठकीला कॉलेजचा माणूस बोलवावा असं पत्र मे महिन्यातच द्या आणि पोच घ्या. ‘आपदा मित्र’ प्रशिक्षण निघालं तर स्वयंसेवकांची नावं तिथंच देता येतात.

यादी मात्र दरवर्षी नव्यानं. जुलैत प्रवेश संपले की आठवडाभरात पहिली, आणि दिवाळीनंतर दुरुस्त केलेली दुसरी, कारण दिवाळीत बरेच नंबर बदलतात आणि काही मुलींची लग्नं ठरून गावं बदलतात. यंदा त्या नाल्यापलीकडच्या गावातून आमच्याकडे चौदा मुली आहेत. पाच जणींकडे फोन नाही. त्या पाचही जणींच्या नावापुढं किराणा दुकानाचा नंबर आहे आणि मागच्या सोमवारी तो लावून पाहिला, लागला.